पाचवं पिल्लू

बेसिंगस्टोक
रविवार, १४ जून

प्रिय शीला,

स्वयंपाकघरातल्या खिडकीशी, तुझ्या जागेवर बसून लिहितोय. आज फोनवर मी बॉयलरच्या सर्व्हिसिंगबद्दल पंधरा मिनिटं बोललो आणि तू शांतपणे ऐकून घेतलंस. बॉयलरमध्ये तुला इतका रस असेल असं मला वाटत नाही. मागच्या रविवारी तू दोन प्रश्न विचारले होतेस. आज त्यातला एकही पुन्हा विचारला नाहीस, हे माझ्या लक्षात आलं. पहिला प्रश्न, फोटोंत चारच पिल्लं का दिसतात, पाचवं कुठंय. दुसरा, तू परत यावंस असं मला खरंच वाटतं का. कारण तिथल्या कॉलेजला नोकरीबद्दल महिनाअखेर हो की नाही कळवायचंय, आणि एकदा नागपूरला कायम झालीस की इथं येणं तसंही राहून जाईल. पहिल्याला मी म्हणालो, झाडीत असेल, लाजाळू आहे ते. दुसऱ्याला म्हणालो, हा काय प्रश्न झाला? आणि आवाज तुटतोय असं सांगून फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता.

हे फोनवर सांगायला मला जमणार नाही. तू समोरून 'हं' म्हणालीस की मी पुन्हा बॉयलरकडे वळेन. म्हणून कागद घेतला. सगळं वाच आणि मग ठरव.

तुझ्या कॅमेऱ्यापासून सुरुवात करतो. तू गेल्यावर सात महिने तो या खिडकीतच होता. मी भोवतालची धूळ पुसायचो, त्याला हात लावत नव्हतो. फेब्रुवारीत एका सकाळी भांडी घासताना मान वर केली तर मागच्या भिंतीवर, कचऱ्याच्या डब्यांच्या वर, ती बसलेली. डावा कान फाटलेली. तुझीच कोल्हीण. गेल्या वर्षी याच दिवसांत तू तिला इथून पाहायचीस, पोटावर हात ठेवून, आणि मला हाका मारायचीस, अरे बघ, हिचंही पोट उतरलंय, आम्ही दोघी बरोबरीच्या. मी म्हणायचो, विचार तिला, मिडवाइफची अपॉइंटमेंट कितव्या आठवड्यात मिळाली. ती लांब लेन्स तू तेव्हाच घेतलीस. एप्रिलअखेर पिल्लं बिळाबाहेर येतील, तोवर आपलं बाळ घरी आलेलं असेल, त्याला मांडीवर घेऊन इथूनच फोटो काढायचे, असा तुझा बेत होता. नऊ एप्रिलला आपण हॉस्पिटलमध्ये गेलो. त्या वर्षी कोल्हिणीला किती पिल्लं झाली ते कुणी पाहिलंच नाही.

या वेळी मी कॅमेरा उचलला. का, ते मला सांगता येत नाही. चार्जर शोधायला अर्धा दिवस गेला. मग लेन्स ज्याच्याकडून घेतली होतीस त्या कीथला फोन केला. तोच, निवृत्त पोस्टमन, ज्यानं तुला लेन्सबरोबर घरच्या रूबार्बच्या जॅमची बाटली फुकट दिली होती. त्याला तू आठवत होतीस. बाळ कसं आहे विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, शनिवारी पहाटे पाचला ये, फ्लास्क आण, आणि अंगाला तो सेंट फासून येऊ नकोस.

बीळ कुठं आहे माहितीये? माझ्या ऑफिसच्या बिझनेस पार्कच्या मागं. कार पार्कच्या शेवटच्या रांगेपुढं जाळीचं कुंपण, त्यापलीकडे रेल्वेचा चढ आणि त्यावर काटेरी ब्रँबल माजलेलं. पाच वर्षं मी रोज तिथं गाडी लावतोय आणि मला पत्ता नव्हता. कीथला मात्र सगळं ठाऊक. पस्तीस वर्षं टपाल टाकताना या गावातली बिळंसुद्धा त्याला पत्त्यांसारखी पाठ झालीत. त्याचे नियम तीनच. गाडीतून उतरायचं नाही. खायला काही टाकायचं नाही, कारण माणसाच्या हातचं खाणारा कोल्हा फार दिवस जगत नाही. आणि कोल्हिणीनं एकदा तुमच्याकडे पाहिलं तर थांबा, दुसऱ्यांदा पाहिलं तर गाडी सुरू करून घरी जा. तिला संशय आला की ती एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते. पहिल्या शनिवारी मी नुसता बसलो तरी तो पुटपुटला, किती जोरात श्वास घेतोस रे इंडी (माझं नाव त्याला एवढंच जमतं), गाडीत किटली ठेवलीय का? माझे पहिले फोटो पाहून म्हणाला, छान, हिला पासपोर्ट काढायचाय वाटतं.

पिल्लं सव्वीस एप्रिलला बाहेर आली. तुला त्याच सकाळी पाठवलेला तो पहिला फोटो. तांबडी नव्हतीच ती, दुधाच्या चहासारखी तपकिरी, डोळे निळे, नाकं बोथट. तू उत्तर पाठवलंस, 'क्षितिज वाकडं आहे आणि फोकस डोळ्यावर नाही, गवतावर आहे.' शीला, तो मेसेज मी कितीदा वाचला असेन. नऊ महिन्यांत तू मला 'जेवलास का' आणि 'ठीक' यापलीकडे काही लिहिलं नव्हतंस. मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी आणखी एक वाकडा फोटो पाठवला. मग तुझ्या सूचना सुरू झाल्या. शटर वाढव, ती पळणारेत. खाली वाक, वरून काढलास तर सगळी पिल्लं उशीसारखी दिसतात. गाडीच्या खिडकीवर तांदळाची पिशवी ठेव, त्यावर लेन्स टेकव. ती पिशवी मी केली, आंबेमोहोराची, कारण घरात तोच होता. कीथला सांगितलं, बायको नागपूरहून शिकवते आहे. तो म्हणाला, मग तूच नागपूरला जा आणि तिला इकडं पाठव, माझी तरी सुटका होईल.

मे महिनाभर आपण दोघं त्या पिल्लांवरच बोललो. त्यांचे डोळे निळ्याचे पिवळसर कसे होत गेले ते तू फोटो शेजारीशेजारी ठेवून मला दाखवलंस. कोण कुणाचं शेपूट ओढतं, कोण आईच्या पोटाखालून बाहेरच येत नाही, तुझ्या सगळं ध्यानात. बाप तोंडात उंदीर घेऊन यायचा तेव्हा चौघं त्याच्यावर झेप घ्यायची आणि पाचवं मागं बसून वाट बघायचं. सगळ्यांत लहान तेच. त्याच्या शेपटीच्या टोकाला पांढरं नव्हतं. तू एकदा लिहिलंस, 'त्याला मिळालं का काही?' मी लिहिलं, मिळालं. ते खरं होतं, कोल्हिणीनं स्वतःच्या तोंडातलं त्याला दिलं होतं.

पंचवीस मेला, बँक हॉलिडेच्या सोमवारी, मी एकटाच गेलो होतो. कीथ मुलीकडे गेला होता. कार पार्क पूर्ण रिकामा, सव्वापाच वाजलेले, ऊन नुकतं आडवं आलेलं. आतल्या रस्त्याच्या कडेला, फुटपाथला लागून, पाचवं पिल्लू पडलेलं होतं. सुटीच्या दिवशीही डिलिव्हरीच्या व्हॅन तिथून जातात, त्यातलीच एखादी असेल. अंगावर खूण नव्हती. झोपल्यासारखं. मी लेन्स पिशवीवर ठेवली आणि तेवढ्यात कुंपणाखालून ती आली. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. आधी त्याचं तोंड चाटलं, मग कान, मग नाकानं कुशीवर वळवलं, जशी ती त्यांना उठवायची. निघून गेली. मला वाटलं संपलं. दहा मिनिटांनी परत आली ती तोंडात काहीतरी घेऊन. छोटा उंदीर होता. तो तिनं त्याच्या तोंडासमोर ठेवला आणि शेजारी बसून राहिली. नंतर त्याची मान दातांत धरून उचललं, पिल्लू हलवताना धरते तसंच, आणि कुंपणाखालून घेऊन गेली. उंदीर तिथंच राहिला.

हे सगळं होत असताना मी फोटो काढत होतो. घरी येऊन मोजले. एकेचाळीस. फोकस प्रत्येकात डोळ्यावर. तू शिकवल्याप्रमाणे शटर वाढवलेलं, खाली वाकलेलो, क्षितिज सरळ. इतके चांगले फोटो मी आजवर काढले नव्हते. कीथला दाखवले तेव्हा त्यानं एकेक करून सगळे पाहिले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, बरं झालं कुणीतरी होतं तिथं. तुला मी एकही पाठवला नाही. उरलेल्या चौघांचे पाठवत राहिलो. तू मोजशील हे मला कळायला हवं होतं.

'लाजाळू आहे ते' हे माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्याचाच विचार करत बसलो. नुसतं 'झाडीत असेल' म्हणून थांबलो नाही, मेलेल्या पिल्लाला मी स्वभावसुद्धा दिला. आणि मला आठवलं, असंच सहज मी तुला याआधी एकदा काहीतरी सांगितलं आहे. इथंच टेबलाशी, गेल्या वर्षी जूनमध्ये, तू नागपूरला निघायच्या आधी.

मागच्या रविवारी, तुझा फोन ठेवल्यावर, संध्याकाळी मी आईला फोन लावला. का ते माहीत नाही. तिला पिल्लाचं सांगितलं. ती म्हणाली, खोकडाचं पिल्लू मेलं म्हून फोन केला का तू? काऊन, तिकडं कोणी माणूस नाही भेटत का बोलाले?  मग माझा आवाज ऐकून ती आपणहून बोलायला लागली, माझ्या बहिणीबद्दल. तुला ठाऊक आहे, माझ्याआधी आईला एक मुलगी होती, अडीच वर्षांची होऊन तापानं गेली. तिचा एकच फोटो होता, इतवारीतल्या स्टुडिओत काढलेला. आई दिवसभर तो घेऊन बसायची, म्हणून आजीनं एके दिवशी तो उचलला आणि कन्हान नदीच्या पाण्यात सोडला. ही गोष्ट आमच्या घरात आजीच्या शहाणपणाची म्हणून सांगायचे. फोटो गेला, सून चुलीशी लागली, वर्षभरात मी झालो. मीही ती तशीच ऐकत आलो. आई त्या संध्याकाळी म्हणाली, तुया आजीनं माया भल्यासाठीच केलं, मी तिले बोल नाही लावत. पण आता मले पोरीचा चेहरा नाही आठवत, इंदर. फ्रॉक आठवते. लाल फुलं होते त्याच्यावर. चेहऱ्याच्या जागी काहीच नाही येत. मरायच्या आधी एकडाव पाहाले भेटला असता त बरं झालं असतं. एवढं बोलून तिनं विचारलं, जेवला का तू?

तू गेल्या वर्षी जूनमध्ये मला काय विचारलं होतंस ते तुला आठवत असेल. तू म्हणालीस, मी तिला एकदाच पाहिलं, तेही औषधाच्या गुंगीत, मला फक्त पिवळी टोपी आठवते. हॉस्पिटलवाले अशा वेळी फोटो काढतात म्हणे, आपल्या बाळाचा एकही नाही का? मी म्हणालो, आपल्याला कुणी विचारलंच नाही. तू मान हलवलीस. दोन दिवसांनी तू तिकीट काढलंस.

त्यांनी विचारलं होतं, शीला. दोनदा. तुला रक्त चढवत होते आणि तू झोपली होतीस. ती उंच मिडवाइफ, मार्गारेट, माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली. म्हणाली, खिडकीतून उजेड चांगला येतोय, आम्ही तिचे थोडे फोटो काढू का? मी नको म्हणालो. अगदी सभ्यपणे, थँक यू म्हणून. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. बाळाला तुझ्याजवळ आणू का, आणि फोटोंचा विचार बदलला का? मी दोन्हीला नको म्हणालो. तू जागी होण्याची वाटसुद्धा पाहिली नाही. माझ्या डोक्यात तेव्हा कन्हानचं पाणी होतं. मला वाटलं, काही उरलंच नाही तर तू लवकर उभी राहशील. तिला निरोप द्यायला हाउन्सलोहून भगवानकाका आले, त्यांनी त्रिशरण म्हटलं, तू व्हीलचेअरवर होतीस आणि पेटी बंद होती. ती बंद ठेवायलाही मीच सांगितलं होतं. आजीनं निदान फोटो एकदा होऊ तरी दिला होता.

आणखी एक आहे. दुसऱ्यांदा मी नको म्हणालो तेव्हा मार्गारेट म्हणाली, मग आम्ही काढून फाइलमध्ये ठेवले तर चालेल का? कधी मागावेसे वाटले तर असतील, नाहीतर राहतील तिथंच. मी हातानं, काय हवं ते करा, अशी खूण केली. तिनं एक कार्ड दिलं. ते मी बॉयलरच्या कागदांत घालून ठेवलं. त्यांनी खरंच काढले का, हे मला माहीत नव्हतं, पण शोधायचा एक नंबर या घरात होता. तू याच टेबलाशी बसून मला विचारत होतीस आणि तो नंबर तुझ्या पाठीमागच्या ड्रॉवरमध्ये होता.

आईशी बोलल्यावर दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्या नंबरवर फोन केला. बाईंनी तारीख विचारली, तुझं नाव विचारलं, थांबायला सांगितलं. परत येऊन म्हणाल्या, हो, आहेत. सात. गुरुवारी मी जाऊन आलो. छोट्या खोलीत बसवलं, चहा दिला, एकटेच आलात का विचारलं. मग एक पांढरं पाकीट हातात ठेवलं. त्यावर निळ्या शाईत, हातानं, 'उर्वी' लिहिलेलं आहे. ते नाव आपण दोघांनीच ठरवलं होतं आणि मी तिथं कुणालाही सांगितलं नव्हतं. फॉर्मवरची ती जागा मी कोरी सोडली होती. म्हणजे त्या गुंगीत कधीतरी तूच मार्गारेटला सांगितलं असणार. तुला आठवत नसेल, पण तू तिचं नाव ठेवलंस.

ते पाकीट या पत्रासोबत आहे. पोस्टानं पाठवायचा धीर झाला नाही. माझ्या ऑफिसातला संजय वीस तारखेला नागपूरला येतोय, तो आणून देईल. आत काय आहे ते त्याला सांगितलेलं नाही. हँडबॅगेतच ठेव असं तीनदा बजावलं तेव्हा तो म्हणाला, वहिनीला हिरे पाठवतोयस का रे? मी सातांपैकी एकच पाहिला, पहिला, आणि पाकीट परत बंद केलं. तो कसा आहे हे मी लिहिणार नाही, तो आधी तू पाहायला हवा होतास. एवढंच सांगतो की फ्लॅश वापरलेला नाही. खिडकीतल्या उजेडात, तिच्या उंचीपर्यंत वाकून काढलाय. टोपी थोडी मागं सारली आहे आणि फोकस मिटलेल्या पापण्यांवर आहे. ज्यानं कुणी काढला त्यानं घाई केलेली नाही. तू विचारलंस, परत यावंस असं मला वाटतं का. वाटतं, रोज वाटतं. पण ते तुला म्हणायचा हक्क हे पाकीट तू उघडून पाहीपर्यंत मला नाही. ते एकटीनं पाहा, किंवा माझ्या आईला शेजारी बसवून पाहा. तिला कदाचित चालेल. मग कॉलेजला काय कळवायचं ते कळव. चारही पिल्लं आता तांबडी झालीत. ती सप्टेंबरपर्यंत इथं असतील असं कीथ म्हणतो, नंतर आपापल्या वाटेनं जातील. पाचव्याचे एकेचाळीस फोटो मी ठेवलेत. तू मागशील तेव्हा पाठवेन.

तुझाच,
इंद्रजित